कावळ्याचा खेळ

आमच्या घरात छत्र्या फार होत्या. पाऊस आमच्यावर इतरांपेक्षा जास्त पडायचा म्हणून नव्हे. अण्णा, म्हणजे माझे वडील, गोदाघाटावर दहाव्या-तेराव्याची कामं करायचे, आणि गेलेल्या माणसाच्या नावानं ज्या वस्तू दान देतात त्यांत छत्री असतेच. छत्री, चपला, तांब्या, काठी, घोंगडी, आणि यजमान ऐपतीचा असेल तर गादी-उशीसुद्धा. पुढच्या वाटेवर गेलेल्याला ऊन लागू नये, पाय पोळू नयेत, तहान भागावी, हा हेतू. तिकडे त्याला काय पोचत असेल ते देव जाणे, इकडे पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. आई अधूनमधून बोहारणीला आणि गादीवाल्याला बोलावून ढीग कमी करायची. आठवड्याभरात तो पुन्हा वाढायचा. लोक मरायचे थांबत नव्हते.

जेवणाचंही तसंच. यजमानांकडून शिधा यायचा, त्यात तांदूळ, डाळ, गूळ, चार बटाटे, एखादी भोपळ्याची फोड. निरनिराळ्या घरांचे तांदूळ आई एकाच डब्यात ओतायची. त्यामुळे आमचा भात कधी एकसारखा शिजला नाही. काही शितं लगदा व्हायची, काही दाताखाली कचकन लागायची. लग्नानंतर सासरी पहिल्यांदा सगळा मऊ भात खाल्ला तेव्हा मला तो बेचव लागला होता, आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. काय सांगणार? की आमच्या भातात चार घरचं सुतक असायचं म्हणून?

लाज वाटायची, हे स्पष्टच लिहिते. आमच्या गल्लीत इतरही गुरुजी राहत. ते सत्यनारायण, मुंजी, लग्नं करत. त्यांच्या मुली माझ्याशी शाळेत बोलत, पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला आईला त्यांच्या घरून बोलावणं यायचं नाही. कुणी तोंडावर काही बोलत नसे. अण्णा घाटावरून येताना दिसले की समोरची बाई सहज आठवल्यासारखं दार लोटून घ्यायची, एवढंच. एकदा माझी वर्गमैत्रीण शैला न सांगता घरी आली. भिंतीशी रचलेल्या गाद्यांची चळत पाहून म्हणाली, "अगंबाई, कुमुद, किती गाद्या तुमच्याकडे!" मी सांगितलं, माझा मामा गाद्यांचं दुकान काढणार आहे. मला मामाच नव्हता. शैला त्यातल्याच एका गादीवर बसून माझ्याकडची गोष्टींची पुस्तकं चाळत राहिली आणि मी तिला उठवायला काही कारण सापडतंय का ते शोधत राहिले.

या घरात लहान मुलं यायची ती अशी. दहाव्याला आख्खं कुटुंब नाशकात यायचं, निफाडकडून, लासलगावकडून, कधी पार मनमाडहून. त्यांच्याबरोबर दीड-दोन वर्षांची पोरंही असायची. घाटावर पाणी, पायऱ्या, गर्दी, त्यात मोठी माणसं रडत असलेली. मग अण्णाच सुचवायचे, "मूल आमच्या घरी ठेवा. जवळच आहे. आमची कुमुद सांभाळेल." माझी शाळा दुपारची, त्यामुळे सकाळ माझ्या माथी. अनोळखी घरात आईवाचून सोडलेलं दोन वर्षांचं मूल काय करतं ते ज्यानं अनुभवलं असेल त्यालाच कळेल. पहिल्याच तासात माझ्या नाकी नऊ यायचे. खेळणी नव्हती. बाहेर न्यायची सोय नव्हती, कारण दार उघडलं की गल्ली आणि गल्ली संपली की नदी. होत्या त्या दानाच्या वस्तू. हळूहळू मी त्यांच्याच मागे लागले.

पाट ओळीनं मांडायचे आणि खालच्या फरशीला गोदावरी म्हणायचं. एका पाटावरून दुसऱ्यावर पाय टाकत पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचायचं, पाय ओला झाला की पुन्हा पहिल्यापासून. छत्र्या उघडून एकीला एक लावल्या की बोगदा तयार. त्यातून पोरं रांगत जायची आणि दुसऱ्या टोकाला माझं तोंड दिसलं की किंचाळायची. गादीची वळकटी केली की डोंगर. काठी दोन तांब्यांवर आडवी ठेवली की कुंपण, ते ओलांडायचं. घोंगडीवर पोराला बसवून मी दोन्ही खोल्यांतून ओढत न्यायची आणि उंबऱ्याशी आले की "धक्का बसणार हां!" असं ओरडायची. आईच्या स्टोव्हच्या फरफरीत, बाहेरच्या घंटांच्या आवाजात आमचा गोंगाट बुडून जायचा. पोरं दमायची, घामेजायची, आणि गूळपोळीचा तुकडा हातात असतानाच झोपी जायची. ज्या वस्तूंकडे मी एरवी बघायचंही टाळायची, त्या त्या वेळेपुरत्या नुसत्या छत्र्या आणि गाद्या व्हायच्या.

माझी सून स्नेहा परवा मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवत होती. मुलांना घरातल्या घरात कसं पळवावं, चादर, उशा, डबे वापरून. एक बाई फार गोड आवाजात सांगत होती. "आई, बघा ना, किती छान आयडिया आहेत!" स्नेहा म्हणाली. मी मान डोलावली. आता नात आली की आम्ही सोफ्याच्या उशांवरून नदी ओलांडतो, चादरीवरून तिला ओढायला माझी कंबर साथ देत नाही म्हणून मुलगा ओढतो. एकच खेळ मी तिला शिकवलेला नाही, आणि त्या व्हिडिओतल्या बाईलाही तो सुचणार नाही.

तो कावळ्याचा. कणकेचे छोटे गोळे करून पत्रावळीवर मांडायचे आणि पत्रावळ भिंतीशी ठेवायची. पोरांनी गादीवर उभं राहायचं, ती गादी म्हणजे झाड. मी हात उंच करून "या, या" म्हटलं की हात फडफडवत, काव काव करत धावत सुटायचं, एक गोळा उचलायचा आणि तांब्यात टाकायचा. टाकला की मी टाळ्या वाजवायची. हा खेळ मला कसा सुचला असं आता कुणी विचारलं तर मी चकित होईन. न सुचून कसं चाललं असतं? पिंडाला कावळा शिवल्याशिवाय अण्णांचं काम संपत नसे. तो लवकर आला तर अण्णा लवकर घरी, आणि अण्णा घरी आले की आम्ही जेवायला बसणार. इतरांच्या घरी पोस्टमनची वाट बघतात तशी आम्ही कावळ्याची बघायचो. त्याच्यात भिण्यासारखं किंवा रडण्यासारखं काही असतं हे मला कळत होतं, पण ते लोकांच्या बाबतीत. आईनं एकदा तो खेळ पाहिला आणि म्हणाली, "कुमे, हा नको गं. कुणी बघितलं तर काय म्हणेल?" मग कणीक वाया जाते यावरून बोलणं सुरू झालं आणि पहिला मुद्दा मागे पडला.

त्या सकाळी लासलगावकडचं एक कुटुंब आलं होतं. गेलेली मुलगी अगदी तरुण, सुमन तिचं नाव. तिचा नवरा दत्तू मनमाडला रेल्वेत कामाला होता. नुकतंच मुंडण केलेलं त्याचं डोकं पांढुरकं दिसत होतं आणि तो सारखा त्याच्यावरून हात फिरवत होता. बरोबर सुमनची आई होती, उंच, हडकुळी, शेतात राबून काळवंडलेली. तिच्या कडेवर दोन वर्षांचा संजू. "काय बी खात नाय, खाली उतरत नाय, हासत तर नायच," ती आईला म्हणाली. "नुसता मानंला मिठी मारून बसतो." तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला माझ्याकडे दिलं. तो रडलासुद्धा नाही. लाकडासारखा ताठ झाला.

मी सगळं करून पाहिलं. पाट मांडले, त्यानं पाहिले नाहीत. छत्र्यांच्या बोगद्यातून मीच दोनदा रांगत गेले. घोंगडीवर बसवलं तर बसला, ओढलं तर ओढला गेला. शेवटी मी कणीक घेतली. गोळे केले, पत्रावळीवर मांडले आणि उकिडवी बसून स्वतःच उड्या मारत काव काव करत गेले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मागून बारीक आवाज आला, "काव." वळून पाहिलं तर त्याचा एक हात हलत होता. मग दुसरा. आणि मग तो जो सुटला! गोळा उचलायचा, तांब्यात टाकायचा, माझ्या टाळ्यांची वाट पाहायची, पुन्हा गादीवर पळायचं. तो खदखदून हसत होता. आई स्टोव्हपासून उठून दारात येऊन उभी राहिली आणि या खेपेला काही बोलली नाही. आपल्याला काहीतरी येतं, असं मला त्या घरात पहिल्यांदा वाटलं.

तेवढ्यात त्यांच्यातला एक माणूस धावत आला. "पोराला घेऊन चला. कावळा शिवंना. आजी म्हणती, तिचा जीव पोरात अडकलाय."

घाटावर ऊन चढलं होतं. पायरीवर पिंड मांडलेले, सगळी माणसं मागे सरकून उभी, आणि कावळा समोरच्या छोट्या देवळाच्या भिंतीवर बसून भलतीकडेच पाहत होता. गेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा येत नाही असं लोक मानतात, आणि मग एकेक जण पुढे होऊन शब्द देतो. दत्तूचे देता येतील तेवढे शब्द देऊन झाले होते. दुसरं लग्न करणार नाही, संजूला शिकवीन, तुझे दागिने मोडणार नाही. कावळा हलला नव्हता. मी पायऱ्या उतरत होते तेव्हा सुमनची आई बोलत होती.

"तिला काय पायजे ते मला म्हाईत हाय. पोरगं माझ्या हवाली कर. मंग बघ कसा शिवतो."

"मामी, एवढं सोडून काय पण मागा," दत्तू म्हणाला. "तो माझ्याजवळ राहू द्या. दुसरं काय राहिलंय मला?"

"कोण बघंल त्याला? तू दिवसभर ड्यूटीवर. शेजारपाजारच्यांच्या वसरीवर वाढवशील व्हय लेकरू?"

दत्तू कावळ्याकडे बघत होता, सगळेच बघत होते. आता कावळा आला नाही तर संजू आजीबरोबर लासलगावकडच्या गाडीत बसणार, हे मलाही समजलं. बापाचं तोंड मला बघवेना. संजू कडेवर चुळबुळ करायला लागला म्हणून मी त्याला खाली उतरवलं. आणि नेमकं त्याच वेळी अण्णांनी कावळ्याकडे पाहून हात उंच केला आणि म्हटलं, "या, या."

मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. दोन्ही हात फडफडवत, "काव! काव!" करत संजू सरळ पिंडांकडे धावला. एक पिंड उचलला, इकडेतिकडे पाहिलं, अण्णांचा तांब्या दिसला, त्यात टाकला. पाणी उडालं. मग तो माझ्याकडे वळून थांबला. टाळ्यांसाठी. मी वाजवत नाही म्हटल्यावर त्यानं स्वतःच वाजवल्या.

घाटावरचे बाकीचे आवाज चालूच असतील, मला ऐकू येत नव्हते. सगळ्यांनी आधी संजूकडे पाहिलं आणि मग तो जिच्याकडे पाहत होता तिच्याकडे. धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते मला त्या क्षणी अक्षरशः हवं होतं.

"हे कुणी शिकवलं लेकराला?" आजीनं विचारलं.

"मी," मी म्हणाले. "खेळ होता."

"खेळ?" तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "माझी लेक गेली, अन् तुमी तिच्या पिंडाचा खेळ मांडला? तुमचं पोट भरतंय ना आमच्या मड्यावर? तेवढ्यानं भागत नाय?"

पलीकडे दुसऱ्या यजमानांची कामं चाललेली होती. आमच्या गल्लीतले दोघे गुरुजीही तिथे होते. सगळे पाहत होते. आणि अण्णा उठले, तिच्यासमोर आले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ओल्या दगडावर, उघड्या अंगानं. गुरुजींच्या पाया पडणारे लोक मी जन्मभर पाहिले होते. गुरुजीला कुणाच्या पाया पडताना कधी पाहिलं नव्हतं. ते लवकर उठले नाहीत. त्यांचे खांदे हलत होते, जानवं पाठीवरून घसरून बाजूला लोंबत होतं, आणि मला त्यांच्याकडे बघवतही नव्हतं आणि मान वळवताही येत नव्हती. माझ्यामुळे. हे माझ्यामुळे, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचीही लाज वाटत होती, त्यांच्या त्या हलणाऱ्या पाठीची, की निदान इतकं तरी वाकू नये माणसानं.

आजी आधी दगडासारखी उभी होती. मग तिनं खाली वाकून अण्णांना दंडाला धरून उठवलं. अण्णांचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं ते पाहिलं आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. "नका रडू गुरुजी," ती म्हणाली, पदरानं त्यांचे डोळे पुसू लागली आणि स्वतःच हमसाहमशी रडू लागली. "तुमी माझ्या पोरीसाठी रडले. परक्या माणसाला एवढं वाटावं!" मग तिनं संजूला ओढून घेतलं, पिंडांसमोर उभं केलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सुमे, ऐक गं. पोरगं बापाजवळ राहील. मी मागं लागायची नाय. जा तू आता."

माणसं मागे सरली. कावळा भिंतीवरून उतरला, पायरीवर दोन उड्या मारल्या आणि पिंडाला चोच लावली. दत्तू मटकन खाली बसला आणि संजूला पोटाशी धरून हुंदके द्यायला लागला. गुरुजींचं रडू सुमनला पोचलं, असं कुणीतरी म्हणालं.

त्या दिवशी अण्णांनी दान घेतलं नाही. दत्तू छत्री, तांब्या पुढे करत होता, अण्णा मानेनंच नको म्हणत होते. घरी येतानाही ते माझ्याशी बोलले नाहीत. मी रागावण्याची वाट पाहत होते, निदान एक चापट तरी. ती मिळाली असती तर बरं झालं असतं. जेवताना ते आईला एवढंच म्हणाले, "यापुढं मुलं घरी ठेवायची नाहीत." पाट भिंतीला लागले, छत्र्या माळ्यावर गेल्या. त्यानंतर दत्तू दर वर्षी सुमनच्या श्राद्धाला यायचा, संजूला बोटाला धरून. पोरगा चांगला बाळसेदार झाला होता. अण्णा आतल्या खोलीत बसून राहायचे आणि आई बाहेर जाऊन सांगायची की ते गावाला गेलेत, दुसरे गुरुजी बघून देते. मला वाटायचं, माझ्यामुळे ते त्या माणसांना तोंड दाखवू शकत नाहीत. हे ओझं घेऊनच मी मोठी झाले. लग्न ठरलं ते अंबडच्या कारखान्यातल्या माणसाशी. सासरी वडील काय करतात असं विचारलं की मी "संस्कृत शिकवतात" म्हणायची.

अण्णा थकल्यावर काही दिवस आमच्याकडे राहायला आले होते. एका दुपारी माझा मुलगा, तेव्हा दोनेक वर्षांचा, उशांचा ढीग करून त्यावरून उड्या मारत होता. मध्येच हात पसरून विमान की पक्षी काहीतरी करत तो खोलीभर धावला आणि भिंतीवर आपटून बसला. अण्णांना हसू फुटलं. मी त्यांना असं हसताना फारसं पाहिलं नव्हतं. आवाज न करता, लालबुंद होऊन, खांदे गदागदा हलवत, डोळ्यांतून पाणी काढत. मी बघतच राहिले, कारण ती पाठ मी ओळखली. त्यांनाही ते कळलं असावं. त्यांचं हसू एकदम थांबलं.

"कुमे," ते म्हणाले, "त्या दिवशी घाटावर मला हसू आलं होतं गं."

मी मुलाला उचलून मांडीवर घेतलं.

"तो पोरगा काव काव करत आला आणि तांब्यात टाकून टाळ्या पिटायला लागला. मला आवरेना. पोर गेलेली, म्हातारी समोर उभी. हसताना दिसलो असतो तर तिनं जीव दिला असता. तोंड कुठं लपवू? म्हणून पायावर पडलो. वर येईपर्यंत जाईल असं वाटलं होतं, तर गेलंच नाही." ते पंच्यानं तोंड पुसत राहिले. "तिनं पोरगं सोडलं ते माझ्या रडण्याकडं बघून. मी कुठल्या तोंडानं दान घेणार होतो? आणि तो दत्तू दर वर्षी आभार मानायला यायचा."

इतकी वर्षं मी जी लाज माझी म्हणून वागवली होती ती त्यांचीही होती, आणि माझ्यापेक्षा जड होती. काहीतरी बोलून ती हलकी करावी असं वाटलं.

"थोडं तरी रडू असेल ना त्यात, अण्णा?" मी म्हणाले.

त्यांनी खरोखर विचार केला. जन्मभर शब्द तोलून उच्चारत आलेला माणूस तो.

"नाही," ते म्हणाले. "ती स्वतःच्या पदरानं माझे डोळे पुसत होती, तेव्हासुद्धा नाही."